वायरीची सोयरीक

“बोलणारा बोलतो, आपण फक्त त्याची वाट झाडायची.” आ-ही हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचा की माणसं ते त्याच्या आधीच पुरं करायची. कुणी लग्नाचं काम सांगायला आलं की हेच वाक्य, माईक खरखरला की हेच, आणि कुणी त्याच्या गाण्यांची तारीफ केली तरी हेच.

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओहोटीला जिथं शिंपल्यातली कालवं पोसायला रोवलेले बांबू उघडे पडतात, तिथं आमच्याकडे लग्नाची पंगत रस्त्यातच बसते. मांडव पडतो, गोल टेबलं मांडली जातात, आचारी कडेला शेगड्या पेटवतो आणि आ-ही आपला निळा ट्रक सावकाश मागे घेत येतो. दोन स्पीकर, आवाज कमीजास्त करायचा एक मिक्सर, माईक आणि गाणी, एवढा त्याचा संसार. तरुणपणी तो बाहुल्यांच्या फिरत्या खेळात वायरी वाहायचा. खेळ करणारा म्हातारा एकटाच राजा व्हायचा, राणी व्हायचा, राक्षसही व्हायचा. एखाद्या दिवशी वायर खरखरून राणीचं रडणं वाया गेलं तर तो आ-हीला बोलायचा नाही. नुसता त्याच्याकडे न बघता जेवायला बसायचा. ते न बघणं आ-हीच्या मनात जे रुतलं ते कायमचं.

मेइयूच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आधी त्यालाच सांगावा गेला. मेइयू कालवं सोलणारी बाई, नवरा वारलेला, बोलायला तिखट. पण त्या दिवशी त्याच्या ट्रकला टेकून ती हळू आवाजात बोलली.

“आ-ही दादा,” ती म्हणाली, “गाणी नसली तरी चालतील. माझ्या भावाचा आवाज पोचवाल का?”

आमच्यात म्हणतात, आकाशात देव आणि जमिनीवर मामा. नवरीचा मामा मानाच्या खुर्चीवर बसल्याशिवाय पहिलं ताट बाहेर येत नाही, आणि बसला की मामानं आशीर्वादाच्या चार ओळी म्हणायच्या, त्याही माईकवर. मेइयूचा भाऊ बुन-सेंग या चार ओळींसाठी किनाराभर नावाजलेला. पण आदल्या वर्षी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि उरला तो वेळूच्या बनातून वारा जावा तसा आवाज. बाप गेल्यावर याच भावानं मेइयूला पाठीवर घेऊन चिखलातून शाळेत पोचवलं होतं. आता तो म्हणत होता, खुर्चीवर बसेन, पण तोंड उघडणार नाही. तिनं फारच गळ घातली तेव्हा त्यानं अट घातली होती. “माईक गुरगुरला तर मी उठून घरी जाईन. माझी कुणी कीव केलेली मला चालायची नाही.”

“जुन्या मिक्सरवर ते जमायचं नाही,” आ-ही म्हणाला. “त्याला मोठा आवाज समजतो. बारीक आवाज वाढवायला घेतला की तो स्वतःच बोलायला लागतो.”

मेइयूला लग्नाची मिठाई सांगायला चियायी शहरात जायचंच होतं. दोघं ट्रकमधून निघाले आणि आधी माईक-स्पीकरच्या दुकानात शिरले. तिथल्या को नावाच्या तरण्या दुकानदारानं चमचमणारा मिक्सर पुढं केला.

“काका, हा बघा. दिवे आहेत, घुमारा आत भरलेला आहे. यात बेडूक ओरडला तरी परी गातेय असं वाटेल.”

“परीला कोण बोलावतंय? आम्हाला मामा ऐकायचाय.”

आ-हीनं मिक्सरला हेडफोन लावला. माईक जोडलाच नाही. मग माईकचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

“दादा, काही जोडलेलं नाही. ऐकताय काय?” मेइयूनं विचारलं.

“रिकाम्या घरात कोण बडबडतंय ते.”

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तेलात मासा सोडल्यासारखी चरचर. मग कोपऱ्यातला एक करडा, बुटका, कसलेही दिवे नसलेला मिक्सर काढायला लावला आणि पुन्हा तेच केलं. या वेळी तिला ओहोटीचा चिखल आठवला; पहाटे, कुणी उतरायच्या आधीचा, शांत.

“हा,” ती म्हणाली.

“बघ, तुला कान आहेत,” आ-ही म्हणाला, आणि वायरींकडे वळला.

वायरींना त्यानं मिक्सरपेक्षा जास्त वेळ घेतला. टोकाचं टोपण उघडून आत तारा डाख देऊन कशा जोडल्यात ते बघितलं. आवाज नेणाऱ्या तारांभोवतीची जाळी दाट आहे का ते नखानं चाचपलं. मग वायर लांब फरशीवर फेकली. एक वेटोळं करून बसली. ती त्यानं परत दिली. दुसरी पोट भरलेल्या सापासारखी निवांत पसरली.

“ही रुसत नाही. रुसणारी वायर कुणाच्या तरी पायात येते. अशा दोन द्या. एक कामाला, एक पाठीशी.”

“काका, बायको निवडायला एवढा वेळ घेतला होता का?” को हसत म्हणाला.

“तेव्हा तिनंच मला फेकून बघितलं होतं. निवांत पडलो, म्हणून ठेवून घेतलं.”

लग्नाच्या सकाळी आ-ही सगळ्यांच्या आधी आला. आमच्या पंगतीत सगळ्यांची वीज देवळाच्या एकाच स्विचबोर्डवरून येते, आणि आचाऱ्याच्या शेगड्यांचे पंखे सुरू झाले की त्या विजेच्या वायरीतून एक भुंगा फिरायला लागतो आणि शेजारच्या माईकच्या वायरीतही शिरतो. म्हणून त्यानं माईकची वायर मुद्दाम पलीकडच्या भिंतीकडेनं एकटी नेली, तपासली आणि चहा प्यायला गेला.

तेवढ्यात तिथं सगळा गाव जिला ‘तिसरी काकू’ म्हणतो ती बाई आली. गावातल्या शुभ-अशुभाचा कारभार तिच्याकडे. लग्नाच्या दिवशी काहीही एकटं नको. दिवे जोडीनं, संत्री जोडीनं, पेलेही जोडीनं. भिंतीकडेनं एकटीच चाललेली वायर तिच्या डोळ्यांत खुपली. तिनं ती उचलून आचाऱ्याच्या विजेच्या वायरीशेजारी आणली आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दोऱ्यानं दोघींना हौसेनं बांधून टाकलं.

मंडळी जमली. बुन-सेंग खुर्चीवर बसला. पंगत सुरू करणारे फटाके वाजायच्या आधी त्यानं माईक हातात घेऊन हळूच नवरीचं नाव घेतलं. आ-हीनं आवाज चढवला, तसा नावाच्या वरताण भुंगा उठला. मांडवभर गुंऽऽ.

बुन-सेंगनं माईक टेबलावर ठेवला. घरी जायला म्हणून काढून ठेवलेल्या टोपीकडे हात नेला. “मामाच्या जागी भुंग्यालाच बसवा,” तो म्हणाला. शेजारी बसलेल्या मेइयूशिवाय ते कुणाला ऐकू आलं नाही. तिनं त्याची बाही घट्ट धरली आणि आ-हीकडे बघितलं.

आ-ही वायरीच्या मागं मागं चालत गेला आणि लाल दोऱ्यापाशी थांबला. काकू कमरेवर हात ठेवून तिथंच उभी.

“दोरा सोडशील तर बघ. आजच्या दिवशी जोडी मोडायची?”

आ-ही तिच्यासमोर उकिडवा बसला. “काकू, जोडी हवीच. पण तू सोयरीक न बघताच लग्न लावलंस. ही विजेची बाई फार तापट. ती शेजारी असली की ही गरीब दिवसभर तिचंच गाऱ्हाणं गाते.”

“मग हिला एकटी ठेवणार?”

“छे. हिची बहीण आणलीय मी. तिच्यासारखीच, गुणाची.”

त्यानं ट्रकमधून दुसरी नवी वायर काढली. काकूनं ती हातात घेतली, वजन बघितलं, पहिलीशी ताडून पाहिली.

“एका आईच्या दिसतात,” ती म्हणाली आणि स्वतःच खाली बसून दोरे सोडायला लागली. दोघींनाही भिंतीकडेनं नेऊन तिनं आपल्या हातानं पुन्हा लाल दोरा बांधला. मग मान वर करून म्हणाली, “आणि ती तापट एकटीच राहिली की.”

“तिला मी आहे, काकू,” आचारी कढईमागून म्हणाला.

मांडव हसला. टोपी हातात तशीच धरलेला बुन-सेंगही हसला, आणि हसता हसता त्यानं माईक पुन्हा उचलला. आ-हीनं करड्या मिक्सरचं बटण फिरवलं. भुंगा नव्हता. बुन-सेंगनं श्वास घेतला तो शेवटच्या टेबलावरच्या पोरींनाही ऐकू आला.

“कालवांच्या दोराला लाटांची साथ,
सुटू नये धरलेला हातातला हात.
भरतीचं मिळालं ते ओहोटीत वाटा,
घरामध्ये हसू राहो, दाराबाहेर लाटा.”

एकेका ओळीला मांडवानं “होऽ” म्हणायचं असतं. पहिल्या ओळीला माणसं विसरलीच. दुसरीला म्हणाली, पण हळू, त्याच्या आवाजावर आपला आवाज पडू नये अशी. फटाके मागाहून वाजले आणि पहिलं ताट बाहेर आलं.

दुपार कलली तसा आ-हीनं आपला संसार आवरला. दोन्ही वायरी हातावर सैल गुंडाळल्या. लाल दोरा मात्र सोडला नाही. मेइयूनं उरलेल्या पदार्थांचा एकत्र उकळलेला रस्सा पिशवीत बांधून आणला. तो आपल्या माणसालाच देतात.

“दादा, कसे आभार मानू?”

“मी काय केलं? बोलणारा बोलला.”

“वाट तुम्ही झाडलीत.”

त्यानं पिशवी घेतली, काकूला वाकून नमस्कार केला आणि वायरींचं वेटोळं खांद्यावर टाकून देवळामागं लावलेल्या ट्रककडे चालू लागला. बुन-सेंग मानाच्या खुर्चीवरून उठून मांडवाच्या तोंडाशी आला. टोपी त्यानं काढून हातात धरली होती. शेजारी मेइयू उभी राहिली. निळा ट्रक देवळाच्या कोपऱ्यावरून बांधाच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघं भावंडं बघत होती.