गारखेड्यातला सामाईक कोट

परवा इस्त्रीवाल्यानं ओलसर कोटावर गरम इस्त्री फिरवली आणि त्या वासानं मला गारखेड्यातल्या नोकरीच्या क्लासमध्ये नेलं. तिथं ऑनलाइन मुलाखतीसाठी आम्हा सगळ्या बेकार इंजिनीअरांत एकच कोट होता. त्याच्या कॉलरला प्रत्येकाचा घाम लागलेला.

त्या दुपारी देवगाव रंगारीचा रफिक तो घालून लॅपटॉपसमोर बसला.

"फक्त ओठ हलव," क्लासचे सर म्हणाले. उत्तरं कॅमेऱ्याबाहेर बसलेला भाड्याचा माणूस देत होता. रफिकचे ओठ त्या शांत आवाजामागं धावत होते. याला तिथं मार्गदर्शन म्हणत.

रफिक निवडला गेला. त्यानं हळूच विचारलं, "सर, कामावर गेल्यावर कोण बोलंल?"

"लई प्रश्न पडायलेत रे तुला. आधी पेढे आण."

सगळे हसले. मग सरांनी कोट माझ्यापुढं धरला. पुढची मुलाखत माझी होती. कोट अजून गरम होता. मी तो खुर्चीवर टाकला आणि बाहेर पडलो.

सुटलो, असं वाटलं. पण जिना उतरताना वरून तोच शांत आवाज आला. तो माझं नाव सांगत होता, माझं कॉलेज सांगत होता. कोट घालून माझ्या जागी दुसराच कुणी ओठ हलवत असणार.

आजही कुठं अर्ज केला की वाटतं, तो आवाज तिथं माझ्या नावानं आधीच बोलून गेला असेल.