दोन बुचं औषध

माजरीच्या कोळसा खाणीत बाबा कामाला होते, तेव्हा दवाखान्यातलं खोकल्याचं औषध मोठ्या बरणीतून मिळायचं. बाटली आपली आपण न्यायची, कंपाउंडर त्यात लाल पाणी ओतून द्यायचा. फिक्कं, गोडसर. सगळे कामगार बाटलीलाच तोंड लावून घोट घ्यायचे, एकाची बाटली दुसऱ्याच्या हातात जायची, आणि कोणाला कधी काही झालं नाही. चमचा बायकापोरांसाठी, अशी तिथली समजूत.

निवृत्त झाल्यावर, आई गेल्यावर, बाबा माझ्याकडे भद्रावतीला राहायला आले. मी शाळेत शिक्षिका. नवरा जिवतीला नोकरीला, शनिवारी यायचा. दोन वर्षांच्या मुलीला बाबांच्या भरवशावर सोडून मी बिनघोर शाळेत जायचे. बाबांचा खोकला त्यांच्यासोबतच आला होता. डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं, आठ दिवसांपुरतं. आराम पडला म्हणून रिकामी बाटली दाखवून मी मेडिकलमधून दुसरी आणली. मग तिसरी. पुढे तर मला पाहिलं की दुकानदार "मॅडम, बाबांचं नं?" म्हणत बाटली काढून ठेवायचा. चिठ्ठी त्याने मागितली नाही, मीही कधी तो विषय काढला नाही. पोरांनी प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिलं की वर्ग डोक्यावर घेणारी बाई मी, पण त्या बाटलीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचायची मला गरज वाटली नाही.

बाबा दिवसा फार झोपायला लागले. बोलता बोलता डोळे मिटायचे. एखाद्या दिवशी बाटली आणायची राहिली की नाक गळायचं, घाम फुटायचा, माझ्या मुलीवरसुद्धा खेकसायचे. वय झालं, असं मी म्हणायचे. दुसरं काही मनात येणं शक्यच नव्हतं. बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. विहारात पंचशील म्हणताना, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला त्यांचा आवाज हमखास चढायचा. आई असताना हळूच चिमटा काढायची, "आयकू द्या, साऱ्या वस्तीले आयकू द्या." आम्हाला त्यांचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा तोराही होता. पिणाऱ्याच्या घरात हीच लक्षणं दिसली असती, तर मी पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं असतं.

त्या दिवशी शाळेतून आले तर मुलगी चटईवर झोपलेली, शेजारी बाबा पेंगत बसलेले.

"झोपू दे तिले," ते म्हणाले. "सकाळपासून खोकून राह्यली होती. औषध देल्लं मी."

"कोणतं औषध?"

"माह्यंच. दोन बुचं."

मी तिला उचललं. मान एका बाजूला कलंडली. ओठ निळसर, आणि एका श्वासानंतर दुसरा येईल की नाही अशी वाट पाहावी लागत होती. मी बाबांवर इतकी ओरडले, की शेजारचे रिक्षावाले भाऊ जेवणाचं ताट सोडून धावत आले. मी चटईजवळची बाटली तेवढी उचलली आणि आम्ही निघालो.

रिक्षात मी तिच्या गालावर चापट्या मारत होते, तळपाय चोळत होते. बाबा एकच वाक्य घोकत होते, "औषधच तं होतं बाई, दारू थोडी पाजली मी." त्या क्षणी त्यांना रिक्षातून खाली ढकलून द्यावं असं मला वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मुलीच्या पापण्या उघडून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी बाटलीवरचं लेबल वाचलं. त्याला असा कितीसा वेळ लागला! "अफूच्या जातीचं औषध आहे हे," त्या म्हणाल्या. "एवढ्या लेकराला याचा थेंबसुद्धा द्यायचा नसतो. श्वास बंद पडतो." मग ऑक्सिजन, सुई, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दाराला कान लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने आतून रडणं ऐकू आलं, जोराचं, हट्टी, तिचंच. मी तिथेच फरशीवर बसले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या बाटली हातात घेऊनच. रात्रभर मुलीला नजरेखाली ठेवू, म्हणाल्या. मग बाटली उजेडात धरली. तळाशी जेमतेम बोटभर औषध होतं.

"ही कधी उघडली?"

"काल संध्याकाळी आणली," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाच ते ऐकू आलं.

त्यांनी बाकावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. नाक गळत होतं, कपाळावर घाम होता. त्यांनी सिस्टरला दुसरा केसपेपर आणायला सांगितला आणि बाबांशेजारी बसल्या.

"बाबा, रोज किती घेता?"

"एक बाटली. कधी दीड."

"इतकं औषध देतं कोण तुम्हाला?"

बाबांनी मान वर केली. त्या साऱ्या दुपारभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा उजळला. "माह्यी पोरगी आणते," ते म्हणाले. "कधीच कमी पडू देल्लं नाई तिनं."