गिनतीला खाली बसलो तेव्हा

गारखेड्यात खानावळ चालवणाऱ्या आक्कांनी मला राहायला खोली मिळवून दिली आणि शेंद्र्यात कामाला लावलं. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर माझंच रडगाणं लांबत जाईल आणि त्या राहून जातील.

मी गोंदियाकडचा. सातवीत शाळा सुटली, वेल्डिंग शिकलो आणि कामाच्या मागं इतक्या लांब आलो. भाताच्या माणसाला ज्वारीची भाकरी गोड लागायला लागली ती आक्कांच्या खानावळीत. मग एका मारामारीत शिक्षा झाली, हर्सूलच्या जेलात राहून आलो. सुटलो तेव्हा जुन्या खोलीत दुसरेच राहत होते. नवी बघायला जावं तर घरमालक नीट बोलायचे, पाणीही द्यायचे. पण भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, असं म्हणाले की माझा चेहराच उतरायचा. पुढचं त्यांना विचारावं लागायचं नाही.

आक्कांनी ताट वाढता वाढता विचारलं, "झोपतोस कुठं रं?"

"स्टँडवर."

"आन् मी काय मेले होते का? जेव अन् चल माझ्यासंगं."

मागच्या गल्लीत एका रिटायर काकांची खोली रिकामी होती. वाटेत मी हात जोडले. "आक्का, हर्सूलचं तेवढं सांगू नका."

त्या तशाच पुढं चालत राहिल्या. मला वाटलं, कबूल आहे. पण काकांच्या दारात चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "काका, पोरगं जेलात जाऊन आलंय. माझ्याकडं जेवायला होतं, ताटात कधी टाकलं नाय, कुणाशी तोंड वाजवलं नाय. आता बोला."

मी जमिनीकडं बघत राहिलो. काकांनी चष्मा पुसला, परत पुसला. शेवटी म्हणाले, "कामावर असेल तोवर राहू दे. काम सुटलं की खोली सुटली."

परतताना मी रागानं म्हणालो, "कामून सांगितलं?"

"मंग काय रोज भीत राहणार व्हय? उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर माझ्या तोंडाला काळं."

शेंद्र्यातल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये त्यांचे डबे जायचे. तिथल्या मालकांशी बोलून त्यांनी माझं काम ठरवलं. तिथं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. तिथं तरी गप्प बसल्या असतील, अशी आशा धरून होतो.

पहिल्या दिवशी सकाळी गेटसमोर आम्ही ओळीत उभे होतो. आक्कांची डब्यांची रिक्षा नुकतीच लागली होती. सुपरवायझर बोट नाचवत मोजायला लागला आणि मी खाली बसलो. उकिडवा, हात गुडघ्यावर, मान खाली. जेलात गिनती सुरू झाली की जोडी-जोडीनं असंच बसावं लागतं. डोक्यात काही आलंच नाही, पायांनीच आपलं काम केलं.

सगळे हसले. "आरं, चक्कर आली काय?" एकजण म्हणाला, "भाकर खाल्ली नसंल."

सुपरवायझर हसला नाही. माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "असं कुठं बसवतात, मला म्हाईत आहे."

मला उठता येईना. काम गेलं, म्हणजे खोली गेली, परत स्टँड. तेवढ्यात आक्का हातातला डबा तसाच घेऊन पुढं आल्या.

"हर्सूललाच बसवतात. तिथूनच आलाय, मीच आणलाय. तुझ्या मालकाला काम मागतानाच सांगितलंय, जा इचार. आन् तू मोज की गुमान, भाजी थंड व्हायली."

सुपरवायझरनं बोट खाली घेतलं. मग मला म्हणाला, "ऊठ बाबा. आमच्यात उभ्यानं मोजतात."

दुपारी जेवताना शेजारच्यानं विचारलंच. "जेलातली डाळ कशी असती रं?"

मी भाकरी मोडत होतो, तर पलीकडून दुसरा म्हणाला, "आक्काच्या डाळीपेक्षा घट्ट असंल!"

त्यावर मीही हसलो. ज्या गोष्टीपायी मी रात्र-रात्र तळमळलो, तिचं दुपारपर्यंत हसू झालं होतं. लपवून ठेवली असती तर ती गोष्ट रोज माझ्याबरोबर कामावर आली असती, हे मला फार उशिरा कळलं. भीती अजून पुरती गेलेली नाही. गेटवर पोलिसांची गाडी थांबली की वेल्डिंगची काडी खाली ठेवून मी गाडी जायची वाट बघतो. पण काम टिकलंय. काकांनी खोलीचा विषय परत काढला नाही. गावी फोन करतो तेव्हा आईला पत्ता सांगता येतो.

आक्का स्वतः अजून भाड्याच्या घरात राहतात, हे मला अलीकडंच कळलं. आक्का, मला जरा वेळ लागेल. पण इथं माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होईल, आणि त्यातली उजेडाची खोली तुमची. तिथं तुम्ही कुणासाठी भाकऱ्या थापायच्या नाहीत. मी भात करीन, तुम्ही बसून जेवायचं.