चेन बसवायची राहिली होती

बदलापूरला मी गेले ती एका पँटची चेन बघायला. नाशिकहून निघताना शेजारणीने "कुठे?" म्हणून विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि तिने पुढे काही विचारलं नाही.

मला जुन्या कपड्यांचं वय काढायचा नाद आहे. चेनचे दात धातूचे की नायलॉनचे, कोटाला ताठपणा देणारं आतलं बकरम हाताने टाके घालून धरलेलं की इस्त्रीने चिकटवलेलं, शिवणीच्या कडांना इंटरलॉक आहे की नाही, एवढ्यावरून कपडा साधारण कुठल्या दशकातला हे मी सांगते. या विषयावर चार ठिकाणी बोलले आहे, त्यामुळे लोक मला तज्ज्ञ म्हणतात आणि मी त्यांना थांबवत नाही.

बोलावणं आलं ते माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली हिच्याकडून. तिच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. वैशालीची मुलगी ऋचा हिने हॉलमध्ये एक छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं, आणि त्यात मुख्य वस्तू होती नानांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, लग्नातला सूट. सुटाखाली पाटी लिहायची होती. ती पाटी तज्ज्ञाने लिहावी असं ऋचाचं म्हणणं.

कल्याणला गाडी बदलून दुपारी बदलापूरला उतरले. प्रत्येक नव्या इमारतीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता आणि प्रत्येक इमारतीखाली पाण्याचा टँकर. वैशालीच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी (सुकवलेल्या बारीक मासळीची) पुढ्यात आली. वैशालीची आई, ज्यांना मी काकू म्हणते, वाढताना सांगू लागल्या, "आमच्या चिखलोलीत तेव्हा कुणी सूट बघितला नव्हता गं. माझ्या नवऱ्याने घातला. बायका माझ्याकडे बघायच्या सोडून यांच्याकडेच बघत होत्या."

नाना कोपऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ऐंशीच्या घरातले, आगरी घरातले, अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले.

जेवणानंतर सूट समोर आला. गडद निळा, रुंद कॉलरचा, बेलबॉटम पँटचा. लग्नाच्या फोटोत होता अगदी तसाच. मी भिंग काढलं, बॅटरी काढली. थोडं नाटक केल्याशिवाय तज्ज्ञाला कोणी मानत नाही. पण चेन पाहिली आणि नाटक संपलं. चेन नायलॉनची होती. नंतर बदलली म्हणावी, तर बदललेल्या चेनजवळ जुन्या टाक्यांची भोकं कापडावर राहतात. इथे टाक्यांची एकच ओळ होती. कडांना इंटरलॉक, कोटात चिकटवलेलं बकरम. हा सूट त्या लग्नाच्या निदान दहा-पंधरा वर्षांनंतर शिवला होता.

मी तोंड उघडणार, एवढ्यात नाना उठले. "मॅडम प्रवासाने दमल्यात. उद्या उजेडात बघतील. सकाळी मी त्यांना उल्हासनगर दाखवतो, कपड्यांचीच पेठ आहे." गेल्या कित्येक महिन्यांत नाना रिक्षा स्टँडपर्यंतही गेले नव्हते, असं वैशालीने मला मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने निघालो. चिखलोली आली तेव्हा नानांनी एका टॉवरकडे बोट केलं. "तिथे आमची भाताची खाचरं होती." पुढे नवीन स्टेशन होणार म्हणून आताच एका दुकानावर 'स्टेशनसमोर' अशी पाटी लागली होती. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबलो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या दगडावर मी सवयीने सांधे शोधू लागले. नाना पायरीवर बसून म्हणाले, "याचं वय काढून झालं असेल तर निघू या." नंतर रिक्षावाल्याला त्यांनी गावातल्या रस्त्याने नको, बाहेरून घे, असं सांगितलं. "तिकडे माझा मेहुणा राहतो. दिनकर. आमचं फारसं येणंजाणं नाही."

उल्हासनगरच्या कॅम्प पाच या भागात एका टपरीवर आम्ही दालपकवान (मैद्याची कडक तळलेली पोळी आणि वर चण्याची डाळ) खाल्लं. शेजारच्या दुकानात चेनी किलोवर विकायला होत्या. मी धातूच्या दातांची एक चेन उचलून जुनी आहे का विचारलं, तर सिंधी दुकानदार प्रेमाने म्हणाला, "साईं, आप बोलो कितनी पुरानी चाहिए. परसों तक हो जाएगी." माझ्या सगळ्या अभ्यासाची त्याने दोन वाक्यांत ऑर्डर घेतली.

मग नाना मला एका मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानासमोर घेऊन गेले. "इथे टेलर होता," ते म्हणाले. "तुम्ही काल चेन बघितलीत तेव्हाच मला कळलं, आता लपत नाही."

आणि त्यांनी सांगितलं. लग्नातला सूट कारखान्यातल्या मित्राचा होता. दुसऱ्या दिवशी परत केला. काकूंना सांगितलं, गावच्या पेटीत ठेवलाय. पुढे बऱ्याच वर्षांनी दिनकरचं, काकूंच्या धाकट्या भावाचं, लग्न ठरलं. काकू म्हणाल्या, माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही तोच सूट घालायचा. त्या मुलांना घेऊन आधी माहेरी गेल्या आणि नाना फोटो घेऊन या टेलरकडे आले.

"तो हसला मला. बोलला, बेलबॉटम आता कोण घालतं? मी बोललो, तू शीव. लग्नाच्या दिवशी सकाळी आलो तर सगळं तयार, फक्त चेन बसवायची राहिली होती. कारागीर येतो, येतो म्हणत दुपार झाली. चेन बसली तोवर तिकडे अक्षता पडल्या होत्या."

"साध्या कपड्यांत का नाही गेलात?"

"तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, मॅडम. आमचे हे सुटात येणार म्हणून." नाना दुकानातल्या रंगीत कव्हरांकडे बघत राहिले. "घरी सांगितलं, ओव्हरटाइम लागला. दिनकर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो."

परतताना त्यांनी विचारलं, एक दिवस खोटं लिहिलं तर काय बिघडेल? मी म्हटलं, माझ्या तत्त्वात बसत नाही. ते 'बरं' म्हणाले आणि रिक्षावाल्याला पुन्हा बाहेरच्याच रस्त्याने घ्यायला सांगितलं. बदलापूर येईपर्यंत माझी तत्त्वं बरीच सैल झाली होती.

घरी ऋचा मोबाइल रोखून तयारच होती. "मावशी, हा सूट पन्नास वर्षांपूर्वीचा आहे हे कशावरून कळतं, ते सांग ना." काकू नवी साडी नेसून शेजारी उभ्या होत्या.

मी चेन हातात घेतली. "ही चेन बघ. या पद्धतीची चेन त्या काळात..."

"खोटं बोलतायत त्या," नाना म्हणाले. "मीच सांगितलं होतं बोलायला."

ऋचाने मोबाइल खाली घेतला.

"हा आपल्या लग्नातला सूट नाही," नाना काकूंना म्हणाले.

"मग कुणाच्या लग्नातला?"

"दिनकरच्या."

सगळं सांगून झालं तेव्हा काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. मित्राच्या सुटाचं त्यांना काहीच वाटलं नाही. "खांद्यात मोठा होता तो, मला तेव्हाच दिसला होता." पण मग आवाज चढला. "माझा भाऊ मांडवाच्या दारात उभा होता. भटजी हाका मारत होते तरी आत जाईना. भावोजी येऊ देत म्हणे. आणि तुम्ही उल्हासनगरात चेन लावत बसला होतात!"

"चुकलं," नाना म्हणाले.

"मला काय सांगताय? घाला तो सूट. आत्ता."

सूट घालणं सोपं नव्हतं. एवढी वर्षं वाट पाहिलेली चेन अर्ध्यावर येऊन थांबली, कारण मध्ये नानांचं पोट आलं होतं. वैशालीने सेफ्टी पिन लावली आणि कोटाची बटणं बंद केली. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने उठून सलाम ठोकला. बहुधा त्याला बँडवाल्यांचा मास्तर वाटला.

दिनकररावांचं घर अंबरनाथ गावात, तळमजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशांचे. नानांना त्या अवतारात पाहून ते बाजूला व्हायचंही विसरले.

"दिनकर," नाना म्हणाले, "लग्नाला आलोय."

काकूंनी मग उभ्याउभ्याच सगळी हकिगत सांगितली, मध्येमध्ये नवऱ्याला दटावत. दिनकररावांची बायको, नलिनीताई, आतून पदराला हात पुसत आल्या आणि चौकटीत थांबल्या. दिनकरराव खुर्चीत बसले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ही सोयरीक पटली नाही. हिच्या घरचे साधे, बापाचं छप्पर गवताचं. ते मनात धरून आला नाहीत."

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" नलिनीताईंनी विचारलं. इतक्या हळू, की नानांना ऐकूच गेलं नाही. काकूंनी जाऊन त्यांचा हात धरला.

"पँटीमुळे," काकू म्हणाल्या. "नुसत्या पँटीमुळे गं."

नलिनीताई आधी रडल्या, मग हसायला लागल्या आणि हसत हसत स्वयंपाकघरात गेल्या. दिनकरराव कपाटातून टोपी, टॉवेल आणि देवापुढचा नारळ घेऊन आले. बहिणीच्या नवऱ्याचा मान द्यायचा राहिला होता, तो त्यांनी दिला. नाना वाकून घ्यायला गेले तेव्हा सेफ्टी पिन तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकलं नाही असं दाखवलं. जेवायला वालाचं बिरडं आणि भात होता. दिनकररावांनी नानांना आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमधला कार्यक्रम झाला. सूट प्रदर्शनात ठेवता आला नाही, कारण नानांनी तो अंगावरून काढायला नकार दिला. ऋचा थोडी हिरमुसली, मग तिने नाना आणि दिनकररावांनाच शेजारीशेजारी बसवून फोटो काढले. मला तज्ज्ञ म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोलले.

नाशिकला परतताना कसारा घाटात मी या सगळ्याचा विचार करत होते. कपडा कधी शिवला ते मला सांगता येतं. कशासाठी शिवला ते विचारायला मात्र मी आजवर कधी थांबले नव्हते. भिंगात ते दिसतही नाही. असलं काहीतरी गंभीर मनात जुळत होतं, तेवढ्यात फोन वाजला. नलिनीताईंनी एका हिरव्या शालूचे पुढून-मागून फोटो पाठवले होते. खाली लिहिलं होतं:

"ताई, हा नक्की माझ्याच लग्नातला आहे ना, ते जरा बघून सांगा. या घरातल्या पुरुषांचा आता काही भरवसा नाही."