डिझेलच्या प्रश्नावर एकेक चेंडू

आमच्या शेलार गावात माझ्या आवाजाला मान होता, मला नव्हता. एरवी मला कोणी विचारत नसे. पण शेलारच्या शेतांत भात कापून झालं, जमीन धोपटून सपाट केली आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या, की माइक माझ्याच हातात यायचा. समालोचन करताना माझ्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की विकेट पडलेली नसली तरी लोक उठून उभे राहायचे. आणि खाली मैदानात अंपायर म्हणून उभा असायचा माझा थोरला भाऊ. दादा फार कमी बोलायचा, पण त्याने बोट वर केलं की दोन्ही संघ गप्प बसत. सख्ख्या चुलतभावाला त्याने शून्यावर रनआऊट दिलं होतं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी मटण खायला गेला होता.

दादाचा एक टेम्पो होता. भिवंडीच्या लूमवर कापडाचे तागे भरायचे आणि मुंबईच्या बाजारात उतरवायचे, हा त्याचा धंदा. दसऱ्याला टेम्पोला झेंडूचा हार घालताना तो एखाद्या नवरदेवासारखा दिसायचा. पण त्या वर्षांत डिझेल चढतच गेलं आणि भाडं काही जागचं हललं नाही. दिवसभर गाडी मारून हातात राहायचं ते फक्त कमरेचं दुखणं. दापोड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला टेम्पो विकत मागत होता, वर दादाला गोदामावर नोकरीही देतो म्हणाला होता. फायनलच्या दिवशी संध्याकाळी येतो, तेव्हा हो की नाही ते सांगा, असा त्याचा निरोप होता. पण टेम्पो विकायला दादाचा जीव होत नव्हता.

"खासदारकीची निवडणूक हाय," तो म्हणायचा. "डिझेल उतरंल. जरा कळ काढू."

मलाही तसंच वाटायचं. सगळेच उमेदवार डिझेलवर बोलत होते. पण कोण नक्की काय बोलतोय ते प्रचाराच्या रिक्षांच्या गोंगाटात काही कळत नव्हतं. एकाची रिक्षा जात नाही तोच दुसऱ्याची यायची, आणि कानात राहायची ती फक्त गाणी.

फायनलला तिघेही उमेदवार येणार असं कळलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. आचारसंहिता होती, त्यामुळे बॅनरवर कोणाचं नाव नव्हतं, पण पाहुणा म्हणून यायला कोणाला बंदी नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलं की हातात बॅट द्यायची आणि एक चेंडू खेळायला लावायचा, अशी रीत. बोलरने चेंडू हळूच खालून टाकायचा आणि पाहुण्याने कसाही टोलवला तरी टाळ्या वाजवायच्या. पाहुण्याला आऊट करायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पहिला उमेदवार आला, चेंडू टोलवला, टाळ्या झाल्या. तो बॅट परत देणार इतक्यात माझी जीभ वळवळलीच.

"साहेब, एक बॉल आमचाबी खेळा!" मी माइकवरून म्हणालो. "डिझेल एवढं चढलंय. तुम्ही निवडून आलात तं काय करणार?"

आयोजकांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता माइक गेलाच. पण उमेदवार मुरलेला होता. त्याने छाती पुढे काढली आणि कार्यकर्त्याच्या हातातला दुसरा माइक घेतला. "निवडून आलो की पहिल्या महिन्यात डिझेल खाली आणतो! हा माझा शब्द आहे!"

"कसं आणणार?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"शब्द आहे ना!" तो म्हणाला.

बांधावर लूमचे कामगार बसले होते, रात्रपाळी करून न झोपताच आलेले. त्यांतला एक ओरडला, "अंपायर साब, आप बोलो!" सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादाने शांतपणे दोन्ही हात आडवे पसरले. वाइड! मैदान फुटायचंच बाकी राहिलं. शिट्ट्या, ढोल, हशा! मी तर टेबलावरच चढलो.

पुढे मग खेळच झाला. दुसरा उमेदवार सात-आठ जीप घेऊन आला. त्याला प्रश्न आधीच कळला होता, त्यामुळे चेंडू खेळायच्या आधीच तो बोलू लागला. "हे सगळं समोरच्यांचं पाप! या भाववाढीविरुद्ध मी बैलगाडीतून मोर्चा काढलाय!" दादाने मैदानाच्या कडेला पाहिलं. तिथे त्याच्या जीपा उभ्या होत्या, सगळ्यांची इंजिनं चालू. दादाने एक हात आडवा केला. नो-बॉल! हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर इतका आनंद झाला होता की खरी मॅच कधी सुरू होणार हेच मी विसरलो होतो.

तिसरा अपक्ष होता. शहरातला वकील, रिक्षातून एकटाच उतरला. बोलरने नेहमीसारखा हळू चेंडू टाकला, तरी पठ्ठ्याची दांडी उडाली. पाहुणा आऊट! असं कधी घडलंच नव्हतं. तो स्वतःच मोठ्याने हसला, मग लोकही हसले. मी त्याला तोच प्रश्न विचारला.

तो म्हणाला, "कर कमी करा म्हणून मी भांडेन. पण भाव उतरेल असं मी सांगणार नाही. मला तर तो अजून चढेल असं वाटतं. ज्यांच्या गाड्या आहेत, त्यांनी हिशेब चढ्या भावानेच धरावा."

दादा त्या माणसाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. मग त्याने दोन्ही हात सरळ वर केले.

"सिक्सर!" मी किंचाळलो. "मैदानाच्या बाहेर, नाक्याच्या पलीकडे, थेट दिल्लीत!" बांधावरून टोप्या उडाल्या, ढोलवाल्याला आवरेना. असा दिवस माझ्या आयुष्यात परत आला नाही.

फायनल संपवून, घसा बसवून, नाचतच घरी आलो. ओटीवर दापोड्याचा ट्रान्सपोर्टवाला चहा पीत बसला होता आणि दादा त्याच्या हातात टेम्पोची चावी देत होता.

"दादा, काय करतंस?" मी धावत पुढे गेलो. "निवडणूक होऊ दे बोलला व्हतास ना!"

"झाली की," दादा म्हणाला. "तिघांचं आयकलं आपण. एक खरं बोलला."

"पण तो तं बोलला, उतरणार न्हाय!"

"तेच खरं हाय. सिक्सर दिला ना त्याला? मंग मानायला नको?"

तो आत हात धुवायला गेला. मी तिथेच बसलो आणि मला रडू आलं. अंपायर म्हणून दादाला निर्णय द्यायला कधीच वेळ लागत नसे. त्या एका सिक्सरला हात वर करायला त्याला एवढा वेळ का लागला, ते मला तेव्हा कळलं.