आखूड की लांब

देवाला मी आयुष्यभर नमस्कार केला, पण त्याच्यावर काही सोपवलं मात्र कधी नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात उमर गेली. प्रत्येक गोष्ट ताडून घ्यायची खोड अंगात मुरलेली. त्यामुळे आई पडली तेव्हाही मी आधी वहीच उघडली.

ब्याऐंशी वर्षांची माझी आई मागच्या पडवीत पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, हाडाच्या पोकळीत धातूचा नेल, म्हणजे सळई, घालावा लागेल. आखूड नेल मांडीच्या वरच्या भागात बसतो, ऑपरेशन लवकर आटपतं; लांब नेल गुडघ्याजवळ पोचतो, आधार मांडीभर मिळतो. "आजींना दोन्ही चालतील. मला आखूड बरा वाटतो. पण उशीर नको," ते म्हणाले. त्यातलं 'उशीर नको' तेवढं सोडून मी बाकी सगळं ऐकलं. मुंबईच्या चुलतभावाने तर फोनवर लांबच घाल म्हणून बजावलं. मग मी वहीत मधोमध रेघ मारली आणि मुलांना घालायचो तसा 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न स्वतःलाच घातला. मोबाइलवर वाचत गेलो तसतसे दोन्हीकडचे मुद्दे वाढत गेले. आखूड नेलच्या टोकाशी हाड पुन्हा मोडलं तर? लांबला वेळ लागला आणि तिला तेवढं सोसलं नाही तर? संमतीचा कागद खिशात तसाच राहिला. आई कुशीवर वळताना कण्हायची आणि मी वहीत आणखी एक मुद्दा लिहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला आईजवळ बसवून मी गावच्या देवळात कौल लावायला गेलो. आमच्याकडे अडल्या वेळी देवाला असंच विचारतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी तिथेही मास्तरकी केली. "उजवी म्हणजे आखूड, डावी म्हणजे लांब," असं गुरवाला सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, पण गाऱ्हाणं घातलं. कळी हलेना. पुन्हा घातलं. अर्धा तास गेला, तरी दोन्ही जागच्या जागी.

"गुरुजी, देव बोलत नाय," तो हळूच म्हणाला. "कौल हो-नायचा असतो. आई बरी होईल काय, ते इचारू?"

ते विचारायची माझी छाती नव्हती. नेलचा फरक काढत बसलं की हा प्रश्न समोर येत नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी इतका घाबरलो होतो की गुरवाला नाहीसुद्धा म्हणता येईना.

तेवढ्यात मागे नारळ घेऊन गाऱ्हाणं ऐकत उभी असलेली एक अनोळखी म्हातारी काठी टेकत पुढे आली. लांज्याहून नवस फेडायला आली होती. गेल्या साली तिचाही खुबा मोडला होता, आणि पुन्हा चालले तर देवळाची पायरी चढेन असा नवस ती बोलली होती. मी अधाशासारखं विचारलं, "तुम्हाला कुठला घातला? आखूड की लांब?"

"ते डाक्टरला ठावं. दुसऱ्या दिवशी मला उभी केलान, येवढं ध्यानात हाय." मग मला निरखत म्हणाली, "तुजी आय कधी पडली?"

"परवा."

"मग तिला तशी ठेवून तू हितं काय करतंस?"

मी तशीच रिक्षा पकडली, हॉस्पिटलात जाऊन कागदावर सही केली आणि डॉक्टरांना म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल तो घाला. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ मी बाहेर बाकावर बसून होतो. वही उघडली नाही. "तिला सांभाळ," एवढंच म्हणत राहिलो. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, पण त्या तिथे कुणाच्या सांगण्यावरून उभ्या होत्या याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. मला रडू आवरेना. पुन्हा खाटेवर टेकल्यावर तिने विचारलं, "देवाने काय सांगितलंन रे?"

"काहीच नाही. दोन्ही कळ्या तशाच राहिल्या."

सगळी हकिगत ऐकून ती दुखण्यातही हसली. "जन्मभर पोरांना ओरडत आलास, आधी प्रश्न नीट वाचा म्हणून."

आता देवापुढे उभा राहिलो की मी नुसते हात जोडतो, आणि मग डॉक्टर सांगतील ते वेळेवर करतो.