आईचा पहिला शब्द निघाला, तो "नको!"

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून इथं लिहितेय.

काही महिन्यांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणंही गेलं. चाकूरला बाबाच तिचं सगळं करतात. ब्लाऊज घालताना ती रोज रडायची. बाबा म्हणायचे, "हात गेल्याचं लई मनाला लागलंय तिच्या." आम्हालाही तेच खरं वाटायचं.

मुलीच्या क्लासेससाठी मी लातूरला खोली करून राहते. आज दोघांना इथं बोलावून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "काका, यांना उठवता कसं?"

दाखवायला म्हणून बाबांनी आईचा उजवा हात धरून ओढला.

"नको!" आई ओरडली.

झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द! मी आनंदानं उठले, आणि तिचा चेहरा बघून तिथंच थिजले.

"दुखायलंय का गं?" बाबांनी हात सोडून विचारलं. आईनं हो म्हणून मान हलवली.

बाईंनी खांदा तपासला. "स्नायूंत जोर नाही, त्यात ओढल्यानं सांधा खाली सरकलाय. हाताला धरून उठवू नका, पाठीला आधार द्या. बाही आधी याच हातात घाला. दुखणं कमी झालं की हाताचा व्यायाम वाढवू."

संध्याकाळी बाबांनी बाईंनी सांगितलं तसा ब्लाऊज बदलला. आई रडली नाही. बाबा मात्र नंतर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तुमच्या घरातलं असं बोलता न येणारं माणूस रडतं, तेव्हा "कुठं दुखतंय?" असं त्याला कुणी विचारलंय का?